सगळ्या घरासमोर मागणी घालायची आहे. फोटो कसे निघतील?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारा ठाण्याचा, ती कोपरखैरण्याची. दोघांचं जमलंय हे दोन्ही घरी माहीत आहे, साखरपुड्याची तारीख मात्र अजून कुणी काढलेली नाही. फेब्रुवारीतल्या एका रविवारी दोन्हीकडची मंडळी, आजीसकट, एक दिवसाच्या सहलीला निघणार आहेत. सकाळी ऐरोलीहून फ्लेमिंगोंची बोट, मग जेवण, संध्याकाळी वाशीचा खाडीकिनारा. त्या दिवशी सगळ्यांसमोर अंगठी काढून तिला विचारायचंय. तिला आधी सुगावा लागता कामा नये आणि फोटो चांगले हवेत. मामेभावाकडे मिररलेस कॅमेरा आहे, त्याच्याबरोबर आलेल्या साध्या किट लेन्ससकट. तो पुरेल, की फोटोग्राफर लावावा? आणि विचारायचं कुठे: बोटीत, ठाण्याच्या उपवन तलावाला, की वाशीला?

मी ठाण्यात लग्नाचे फोटो काढते आणि हल्ली अशी कामंही बरीच येतात. कॅमेऱ्याचं उत्तर सोपं आहे: पुरेल. अवघड आहे ते दहा-बारा माणसांना, त्यांना काही कळू न देता, योग्य जागी उभं करणं. जोडपं एकटंच फिरायला आलेलं असेल तर फोटोग्राफर झाडाआड उभा राहतो आणि काम होतं. घरचे बरोबर असले की ऐन वेळी काकू मोबाईल घेऊन मधे येते, भाचा ‘मला पण बघायचंय’ म्हणत पळत येतो आणि तिचे बाबा नेमके तेव्हाच चहा कुठे मिळेल ते शोधायला गेलेले असतात. म्हणून लेन्सबद्दल कमी आणि माणसांबद्दल जास्त लिहिते आहे.

त्याआधी एक. काम घेताना मी हे पहिलं विचारते. ती हो म्हणणार हे तुम्हाला ठाऊक आहे ना? नुसता अंदाज नको. आणि सगळ्यांसमोर विचारलेलं तिला आवडेल का? घरी माहीत असणं वेगळं, आणि होणारे सासू-सासरे, स्वतःचे आई-बाबा, आजी आणि रविवारी फिरायला आलेली अनोळखी गर्दी बघत असताना उत्तर द्यावं लागणं वेगळं. काहीजणींना हॉटेलात वेटर वाढदिवसाचं गाणं म्हणायला लागले तरी अवघडायला होतं. ती तशी असेल तर आदल्या दिवशी दोघांतच विचारून टाका आणि सहलीत फक्त अंगठी घाला. फोटो तेवढेच छान येतात. उत्तराची खात्री नसेल तर मात्र घरच्यांसमोर विचारूच नये. नाही म्हणायची, किंवा ‘थोडा वेळ दे’ म्हणायची सोयच तिला उरत नाही. असं काम मी घेत नाही.

आता जागा. बोटीत नको. मागे फ्लेमिंगोंची गुलाबी रांग आणि पुढे तुम्ही दोघं, असा फोटो तुमच्या डोळ्यासमोर असणार. तो निघत नाही. बोटीत प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट असतं, तिने कितीही विचार करून कपडे घातले असले तरी फोटोत जॅकेटच दिसतं. पक्षी इतके लांब असतात की किट लेन्समध्ये त्यांचे ठिपके होतात. लांबचं जवळ आणणारी मोठी टेली लेन्स लावून ते जवळ आणले तर तुम्ही दोघं चौकटीत मावत नाही. बोट हलत असते, आणि त्या चिखलात पडलेली अंगठी कुणी शोधून देणार नाही. शिवाय ठाणे खाडीचा हा पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये तो महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतही गेला. तिथे टाळ्या, शिट्ट्या, आरडाओरडा बरा नाही, आणि ती हो म्हणाल्यावर तुमची मंडळी गप्प बसणार नाहीत. बोटीत फक्त बोट अनुभवा आणि मामेभावाला घरच्यांचे भरपूर फोटो काढू द्या. त्याचा उपयोग असा की दुपारपर्यंत सगळ्यांना त्याच्या गळ्यातल्या कॅमेऱ्याची सवय होते. संध्याकाळी त्याने तो डोळ्याला लावला तर कुणी मान वर करून बघणार नाही.

उपवन मला आवडतं, पण सकाळी. तलावाला लागूनच येऊरचा डोंगर आहे आणि सूर्य मावळतो तो त्याच बाजूला, त्यामुळे मावळतीच्या वेळेच्या बरंच आधी तो डोंगराआड जातो. तुम्ही सहाला पोहोचाल तेव्हा ऊन गेलेलं असेल आणि रविवारची गर्दी जमलेली असेल. येऊरच्या आत जायचं तर वनखात्याच्या गेटवर वेळेचं बंधन असतं. ठाण्यातल्याच तलावपाळीला संध्याकाळची मजा आहे, पण अंधारात दिव्यांच्या भरवशावर किट लेन्सने हा फोटो काढायला जाऊ नका. पाम बीच रोडला गाडी कडेला लावून फोटो काढणारे दिसतात. तुम्ही, निदान आजी बरोबर असताना तरी, ते करू नका.

राहिलं वाशी, आणि तेच ठीक आहे. खाडी पश्चिमेला, ऊन शेवटपर्यंत मोकळं, चालायला सपाट वाट आणि बसायला जागा. सागर विहार, मिनी सीशोअरच्या बाजूला आधी एकदा जाऊन या आणि खारफुटीच्या फटीतून पाणी दिसतं असा तुकडा हेरून ठेवा. सार्वजनिक बागांमध्ये मोठा कॅमेरा आणि स्टँड दिसला की सुरक्षारक्षक हटकतात. ऐन वेळी ‘इथे शूटिंगला परवानगी नाही’ ऐकायचं नसेल तर त्याच फेरीत तिथल्या माणसाला विचारून घ्या. स्टँड तसाही नेऊ नका, गरज नाही.

खाडीकिनारा म्हटलं की भरती-ओहोटी बघावी लागते. ओहोटीला पाण्याच्या जागी करडा चिखल दिसतो आणि वासही येतो. आपल्याकडचा जुना हिशोब सगळ्यांना ठाऊक असतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास भरती. पौर्णिमा-अमावास्येला ती भर दुपारी येते आणि संध्याकाळी सहाला नेमकी ओहोटी असते. म्हणून षष्ठी ते नवमीच्या आसपासचा रविवार मिळाला तर उत्तम. अडचण एवढीच की फ्लेमिंगोंच्या बोटीची वेळही भरतीवरच ठरते आणि भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. तेव्हा आधी बोटी सोडणाऱ्या ऐरोलीच्या केंद्राकडून त्या दिवसाच्या बोटीची वेळ घ्या, मगच बाकी ठरवा. दोन्ही जुळलं नाही तर बोटीची सोय बघा, संध्याकाळी चिखल असला तरी चालेल. पुढे सांगते त्या मांडणीत पाणी फोटोच्या एका कडेलाच येतं.

वेळ. फेब्रुवारीच्या मध्यात इथे सूर्य ६:३५ ते ६:४० च्या दरम्यान मावळतो. पण थंडीत खाडीवर धुरकं असतं, त्यामुळे शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत सूर्य नुसता नारिंगी गोळा होऊन राहतो. बघायला सुंदर, चेहऱ्यावर उजेड काही पडत नाही. तुम्हाला हवी ती वेळ ६ ते ६:१५. म्हणजे मंडळी ५:३० ला जागेवर हवीत, म्हणजे जेवणानंतरची वामकुक्षी चारला मोडायला हवी. दोन घरांची सहल वेळेवर चालत नाही हे मी तुम्हाला सांगायला नको. चहा आधी उरकून घ्या. चहा न मिळालेल्या माणसांचे चेहरे फोटोत ओळखू येतात.

आता मुख्य भाग. तुमच्याकडे ग्रुप फोटोचं निमित्त आहे, आणि दोघंच फिरायला गेलेल्यांकडे ते नसतं. सगळे उभे राहतात, मामेभाऊ ‘जवळ या, जवळ या’ ओरडतो, कुणाला काही वेगळं वाटत नाही. त्याचाच पूर्ण वापर करा.

मामेभावाने दक्षिणेकडे उभं राहून कॅमेरा उत्तरेकडे धरायचा, म्हणजे खाडी आणि सूर्य त्याच्या डाव्या हाताला येतील. समोर तेरा-चौदा पावलांवर सगळं घर दोन ओळींत, तुम्ही दोघं मधोमध. दोन-चार फोटो काढायचे. मग त्याने म्हणायचं, ‘आता तुम्ही दोघं तीन पावलं पुढे या, बाकीचे तिथेच थांबा, मागे सगळे दिसायला हवेत.’ मंडळी जागची हलत नाहीत, कारण त्यांना वाटतं आपलाच फोटो चाललाय. तुम्ही दोघं पुढे येता, तो म्हणतो ‘एकमेकांकडे बघा’, घरचे जरा हसतात, आणि तुम्ही गुडघ्यावर बसता. एकाच चौकटीत तुम्ही, ती आणि मागे आई, बाबा, आजी, वहिनी, सगळ्यांचे चेहरे त्या क्षणाला जसे होतील तसे. मागाहून ‘परत एकदा करा ना’ म्हणून हा फोटो मिळत नाही.

उभं राहताना तुम्ही खाडीच्या बाजूला, म्हणजे कॅमेऱ्यातून बघताना डावीकडे, आणि ती उजवीकडे. त्यामुळे तिचं तोंड पश्चिमेला येतं आणि उतरतं ऊन थेट तिच्या चेहऱ्यावर पडतं. संध्याकाळचा वारा खाडीकडून येतो, तो तिचे केस मागे नेतो. उलटी उभी राहिली तर सगळे केस तोंडावर. तुम्ही उभे असेपर्यंत तुमची सावली तिच्यावर पडेल, गुडघ्यावर बसलात की ती तिच्या कमरेच्या आसपास राहते. म्हणून उभ्याने भाषण नको, जे बोलायचं ते खाली बसून. तिचा डावा हात, ज्यात अंगठी जाणार, तोही या मांडणीत आपोआप कॅमेऱ्याच्या बाजूला येतो. दिशा उलटी केलीत, कॅमेरा उत्तरेकडून लावलात, तर अंगठी घालताना नेमकी तिच्या अंगाआड जाईल.

तुम्ही उजवा गुडघा टेका. तो कॅमेऱ्याकडचा आहे, तो खाली गेला की तुमचं अंग कॅमेऱ्याकडे उघडतं. डावा टेकलात तर वर उचललेली मांडी सगळं झाकते. डबी डाव्या हातात, छातीच्या उंचीला. तोंडासमोर धरू नका. आणि लगेच उठू नका! बहुतेक मुलं तीन-चार सेकंदांत उठतात, लाजतात म्हणून असेल. ती हो म्हणाली, अंगठी बोटात गेली, मग उठा. डबी जीन्सच्या खिशात चौकोनी उठून दिसते आणि बोटीपासून दिवसभर तिच्यासमोर वावरायचंय, तेव्हा ती वहिनीच्या पर्समध्ये राहू द्या. ग्रुप फोटोला उभं राहताना वहिनीने तुमच्या शेजारी यायचं, बस. तिच्या हातांचं काय, असंही विचाराल. वहिनीने आदल्या दिवशी ‘चल, आपण दोघी पार्लरला जाऊ’ म्हटलं तर नखं होऊन जातील. कपड्यांसाठी ‘त्या दिवशी सगळ्यांनी फिकट रंग घालू’ असं घरच्या ग्रुपवर टाकून द्या; कुणी ऐकणार नाही, पण ती ऐकेल.

सांगायचं किती जणांना? मामेभाऊ, वहिनी आणि तिचे बाबा. बाबांना रीत म्हणून सांगा आणि सोयीसाठीही, कारण सहाच्या सुमारास ‘चला, ट्रॅफिक लागेल’ म्हणणारा माणूस बहुधा तोच असतो. आईला मी सहसा सांगू देत नाही. एक तर तिच्या चेहऱ्यावर दुपारपासूनच दिसायला लागतं, आणि दुसरं म्हणजे मागच्या ओळीतला सगळ्यात चांगला चेहरा आईचाच असतो, तो आधीच का खर्चून टाकायचा. लहान मुलांना तर अजिबात नाही.

आजीसाठी घडीची खुर्ची न्या आणि ती पुढच्या ओळीत एका टोकाला ठेवा, तिला तुम्ही दोघं नीट दिसाल आणि कॅमेऱ्याला ती दिसेल अशी. मधोमध ठेवलीत तर ती तुमच्या मागे झाकली जाईल. उभ्या आजीला तीन मिनिटं थांबवलं की ती कंटाळून बाकावर जाऊन बसते आणि मग सगळा प्रसंग तिला लांबून, पाठमोरा दिसतो.

मोबाईलचा प्रश्न असा सुटतो: मामेभावाने ग्रुप फोटोच्या आधीच जाहीर करायचं, ‘सगळ्यांनी मोबाईल खिशात ठेवा, हातात मोबाईल घेऊन फोटो खराब येतात.’ मोठी माणसंसुद्धा कॅमेरावाल्याचं ऐकतात, हा माझा रोजचा अनुभव आहे. तुम्ही बसल्यावर काहीजण मोबाईल काढतीलच. काढू देत, ते मागच्या ओळीत आहेत, चौकटीच्या आड येत नाहीत.

आता मामेभावासाठी. किट लेन्स १६-५० किंवा १८-५५ मिलिमीटरची असेल. तिच्या लांबच्या टोकाला, सुमारे आठ मीटरवरून, साडेतीन मीटर रुंदीची चौकट मिळते. उभी ती, गुडघ्यावर तुम्ही आणि दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागा. कॅमेरा आडवाच ठेव, उभा करू नकोस. हो ऐकल्यावर वहिनी कुठल्या बाजूने धावत येईल ते कुणालाच माहीत नसतं. छिद्र, म्हणजे ॲपर्चर, एफ ६.३. मागचं धूसर करायच्या नादात मोठ्या छिद्राची लेन्स कुणाकडून मागून आणू नकोस. इथे मागे घर उभं आहे, ते स्पष्ट हवंय. आठ मीटरवर फोकस लावून एफ ६.३ ठेवलं की साधारण सहा मीटरपासून अकरा मीटरपर्यंत सगळं नीट येतं, म्हणजे तुम्ही दोघं आणि तीन पावलं मागची ओळ, दोन्ही. किट लेन्सला लोक नावं ठेवतात, पण या एका फोटोसाठी मीही माझ्या महागड्या लेन्सचं छिद्र इतकंच लहान करून वापरते.

यात एक सापळा आहे. हल्लीचे कॅमेरे चेहरे शोधून फोकस लावतात. दोघं एकमेकांकडे वळलेली, म्हणजे बाजूने दिसणारी, आणि मागे दहा चेहरे थेट कॅमेऱ्याकडे. कॅमेरा सारखा मागच्या काकांना पकडत राहणार. म्हणून दोघं पुढे आली की तिच्यावर एकदा फोकस लाव आणि लगेच मॅन्युअलवर टाक. मग ते हलत नाही. तू स्वतः मात्र पुढेमागे सरकू नकोस, झूमला हात लावू नकोस. शटर १/५०० सेकंद, त्याहून हळू नाही. डोळे पुसायला वर येणारा हात, उडी, मिठी, सगळं फार झटकन होतं. आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची क्षमता, आधी ऑटो, कमाल ३२००. उन्हाची बाजू आणि सावलीची बाजू एकाच चौकटीत आहे, त्यामुळे ग्रुप फोटोतच तिचा चेहरा बघून एक्स्पोजर ठरव, मग आयएसओ ऑटोवरून काढून त्याच आकड्यावर ठेव आणि ते कायम ठेव. व्हाइट बॅलन्स ऊन असलेल्या चिन्हावर ठेव, ऑटोवर ठेवलास तर नारिंगी उजेड तो धुऊन टाकतो. एकामागोमाग फोटो काढणारा बर्स्ट लाव, पण बोट दाबून धरून बसू नकोस. सुरुवातीच्या दर्जाच्या कॅमेऱ्यांचा बफर, म्हणजे कार्डावर जाण्याआधी फोटो साठतात ती जागा, काही सेकंदांत भरतो आणि मग नेमक्या मिठीच्या वेळी कॅमेरा अडकतो. छोट्या-छोट्या फैरी: बसताना, डबी उघडताना, तिचा हात तोंडाकडे जाताना, हो, अंगठी. मधे श्वास घे.

व्हिडिओ हवाच असेल तर दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नका. एक मोबाईल मामेभावाच्या शेजारी बॅगेला टेकवून आडवा ठेवा आणि ग्रुप फोटोच्या आधीच चालू करून द्या. फोर-के ठेवलंत तर त्यातली एकेक चौकट सुमारे ८ मेगापिक्सेलची निघते, म्हणजे गरज पडली तर त्यातूनही छापण्याजोगा फोटो मिळतो. आवाज मात्र तिथून येणार नाही, वारा आणि गर्दीच येईल. तुमचा स्वतःचा फोन शर्टाच्या वरच्या खिशात, फ्लाइट मोडवर, आवाज रेकॉर्ड करत ठेवा. नंतर पहिल्या टाळीवर दोन्ही जुळवता येतात. फ्लाइट मोड विसरलात तर त्याच मिनिटाला पुण्याच्या मावशीचा फोन येतो.

ड्रोनचं कुणी सुचवेल. नको. इथली बरीचशी हद्द विमानतळांच्या जवळ येते, नवी मुंबईचा विमानतळही २०२५ च्या अखेरीस सुरू झाला. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे कुठे उडवता येतं ते डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर बघावं लागतं, आणि खाडीवर तर अभयारण्यच आहे. ते सगळं जमवलंत तरी डोक्यावर घरघर सुरू झाल्यावर तिला कळायचं काय राहिलं?

हो म्हटल्यानंतरच्या पाच मिनिटांकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि माझ्या मते अर्धे फोटो तिथेच आहेत. तुम्ही दोघं उठलात की कुणीतरी म्हणणारच, ‘आजीच्या पाया पडा.’ ते ठरवून द्यावं लागत नाही. तोवर मामेभावाने फोकस परत ऑटोवर टाकायचा, लेन्स झूम कमी करून रुंद टोकाला न्यायची आणि पळत आजीच्या खुर्चीच्या बाजूला, जमिनीजवळ जायचं. वाकलेल्या माणसाचा फोटो वरून काढला की नुसती पाठ येते. खाली बसून काढला तर तिघांचे चेहरे मिळतात. मग दोन्ही आया एकमेकींना भेटतात, ते सोडू नका. वहिनीने पर्समध्ये पेढ्यांचा छोटा बॉक्सही ठेवलेला असू द्या. पेढा भरवताना सगळे आपणहून जवळ येतात, कुणाला ‘जवळ या’ म्हणावं लागत नाही. अंगठीचा जवळून फोटो अगदी शेवटी, सावलीत, दोन मिनिटांत. त्यात फार रमू नका, तो नंतर घरी खिडकीपाशीही काढता येतो.

तेवढ्यात अनोळखी माणसं टाळ्या वाजवतील, काहीजण त्यांच्या फोनवर तुमचं शूटिंगही करतील. हात जोडून ‘टाकू नका हं कुठे’ म्हटलं तर बहुतेकजण ऐकतात. आपल्या माणसांना मात्र बजावून ठेवा: तिच्या आणि तुमच्या घरच्या मोठ्यांना फोन होईपर्यंत कुणी स्टेटस टाकायचं नाही. सख्ख्या काकांना ही बातमी व्हॉट्सॲपवरून कळली तर साखरपुड्यात पहिलं बोलणं त्यावरूनच होईल.

फोटोग्राफर लावावा का? मामेभावाला त्या दिवशी फोटोत असायचं असेल, किंवा तो उत्साहाने स्वतःच ओरडणारा असेल, तर लावा. दहा फोटो काढून ‘अरे हो म्हणाली!’ म्हणत कॅमेरा खाली सोडणारे भाऊ मी बघितलेत. लावलात तर त्याला ‘आमचा एक मित्र इकडेच राहतो, चांगले फोटो काढतो’ म्हणून वाशीतच भेटवा आणि ग्रुप फोटो त्यालाच काढू द्या, वरची मांडणी तशीच राहते. लांबून लपून काढतो म्हणणाऱ्याला घेऊ नका, रविवारी वाशीला त्याच्या आणि तुमच्या मधून सारखी माणसं जात राहतील. तुमचे फोटो तुम्हाला विचारल्याशिवाय तो स्वतःच्या पानावर टाकणार नाही, एवढं आधी लिहून घ्या.

मामेभाऊच काढणार असेल तर आदल्या शनिवारी त्याला संध्याकाळी सहाला त्याच जागी घेऊन जा, वहिनीलाही न्या. एकाने गुडघ्यावर बसायचं, वहिनीने तिच्या जागी उभं राहायचं, आणि मागच्या ओळीच्या जागी दोन बॅगा. फोकस मॅन्युअलवर टाकायचं बटण कुठे आहे ते त्याच्या बोटाला अंधारातही सापडायला हवं. कार्ड रिकामं करून न्यायचं, बॅटरी दोन, कारण सकाळच्या बोटीतच एक संपणार. रविवारी रात्री घरी गेल्यावर झोपायच्या आधी कार्ड लॅपटॉपवर आणि एका पेनड्राइव्हवर उतरवून घ्या आणि मंडळींना फोटो पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर व्हॉट्सॲप ते आक्रसून टाकतं आणि साखरपुड्याच्या फ्लेक्ससाठी कुणीतरी तोच बारका फोटो छापायला देतं.